फुता जालोनचं पाणी आणि तिथली माणसं

मालीमध्ये बाफिंग नदीवर मनांताली धरण आहे. १९८८ साली ते बांधून पूर्ण झालं आणि या शतकाच्या सुरुवातीला तिथे वीज तयार होऊ लागली. क्षमता २०० मेगावॉट. ही वीज कोणाला किती मिळायची ते करारात ठरलेलं आहे: मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३, मॉरिटानियाला १५. बाफिंग ही सेनेगल नदीची मुख्य धार. ती उगम पावते शेजारच्या गिनी देशात, फुता जालोनच्या डोंगराळ पठारावर, मामू शहराच्या परिसरात. वाटपात गिनीचं नाव नाही.

याला कारण आहे. १९६८ मध्ये या चारही देशांनी मिळून एक संघटना काढली होती. गिनीचे राष्ट्राध्यक्ष सेकू तूरे यांचं शेजाऱ्यांशी बिनसलं, संघटना मोडली आणि १९७२ मध्ये उरलेल्या तिघांनी सेनेगल नदीसाठी वेगळी संस्था उभी केली. गिनी तिच्यात सामील झाला तो थेट २००६ मध्ये. तेव्हा बाकीच्या तिघांनी गिनीला फसवलं असं मी म्हणणार नाही. गिनीच्या राज्यकर्त्यांनीच ती खुर्ची रिकामी ठेवली. मला सलतं ते वेगळंच आहे. पाणी ज्या पठारावरून निघतं तिथल्या माणसांना खुर्ची सोडताना कोणी विचारलं नाही आणि चौतीस वर्षांनी पुन्हा जाऊन बसतानाही विचारलं नाही. फुता जालोनबद्दलचे सगळे मोठे निर्णय असेच झाले आहेत. माझं ठाम मत आहे की या पठाराची माती, रान आणि झरे टिकवायचे असतील तर तिथला कारभार तिथे निवडून आलेल्या लोकांच्या हाती, पैशासकट आणि नकाराच्या हक्कासकट, द्यावा लागेल. नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून ते होणार नाही. इतक्या वर्षांत झालेलं नाही.

आधी प्रदेश समजून घेऊ. गिनीच्या मध्यभागी सुमारे ८०,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाव भागाएवढा हा उंचवटा आहे. शिखरं आभाळाला भिडणारी नाहीत. उत्तरेला माली नावाच्या गावाजवळचा (देश माली वेगळा) लूरा डोंगर सर्वांत उंच, तोही १५०० मीटरच्या थोडाच वर. पण वाळूच्या दगडाची पठारं टप्प्याटप्प्याने चढत जातात आणि त्यांना नद्यांनी खोल चिरलेलं आहे, त्यामुळे दोन गावं समोरासमोर दिसत असली तरी मधली दरी उतरून चढायला अर्धा दिवस जातो. साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस. वर्षाला दीड ते दोन हजार मिलिमीटर. हा पाऊस वाळूच्या दगडात मुरतो आणि कोरड्या महिन्यांत झऱ्यांवाटे बाहेर येतो. बाफिंग इथली, गांबिया नदी लाबे शहराच्या भागातली, नायजरला मिळणारी तिंकिसो पूर्व उतारावरची, गिनी-बिसाऊकडे कोरुबाल म्हणून जाणारं पाणी इथलंच, आणि पश्चिमेला अटलांटिककडे धावणारी कोंकुरेही इथलीच. सहाराच्या कडेवरच्या लाखो शेतकऱ्यांची आणि गुराख्यांची कोरड्या ऋतूतली तहान या डोंगरातल्या झऱ्यांवर भागते.

पठारांच्या माथ्यावर बऱ्याच ठिकाणी माती नसतेच. लोहयुक्त जांभ्याचं कडक कवच असतं, त्यावर पावसाळ्यात गवत आणि बारीक फुलं, उन्हाळ्यात तापलेला दगड. तिकडे त्याला बोवल म्हणतात. कोकणातला सडा किंवा कासचं पठार ज्यांनी पाहिलं आहे त्यांना बोवल समजावून सांगायची गरज नाही; घडण तीच आहे. बोवलवर नांगर चालत नाही. ते गुरांचं चरण. फुता जालोनची शेती उरते ती दरीतल्या पट्ट्यांत, उतारांवर आणि घराभोवती.

घराभोवतीच्या शेतीकडे मी वाचकाचं लक्ष मुद्दाम वेधतो, कारण या लेखातला अर्धा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. फ्रेंचमध्ये तिला तापाद म्हणतात. पाच-सहा गोल झोपड्या, त्यांची गवताची छपरं जवळजवळ जमिनीला टेकलेली, भोवती आवार, आणि सगळ्याला वेढणारं जिवंत झाडांचं आणि तोडलेल्या फांद्यांचं दाट कुंपण. आवारातली जमीन बायकांची. चुलीतली राख, भाजीपाल्याची सालं, झाडलेला पाला, गोठ्यातलं शेण हे सगळं वर्षानुवर्षं त्याच तुकड्यात जिरवलेलं असतं. तिथे मका, अळू, कसावा, रताळी, भुईमूग, भेंडी, मिरची एकमेकांच्या सावलीत लावलेली असतात. कडेला संत्रं, आंबा. कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की जमीन फिकट, आंबट, खडकाळ. तिथे पुरुष फोनिओ हे बारीक तृणधान्य पेरतात आणि दोन-तीन पिकांनंतर ती जमीन कित्येक वर्षं पडीक सोडून देतात. आतली काळी माती निसर्गाने दिलेली नाही. ती त्या बायकांनी, त्यांच्या सासवांनी आणि आजेसासवांनी तयार केली आहे. पश्चिम आफ्रिकेत इतक्या दाट वस्तीला इतक्या निकृष्ट जमिनीवर ज्या शेतीने जगवलं, ती कुठल्याही कृषी खात्याने शिकवलेली नव्हती.

तरीही फुता जालोनवर लिहिलेल्या सरकारी कागदांत ही माणसं बहुतेक वेळा आरोपी म्हणून येतात. इथले बहुसंख्य फुलबे लोक गुरं जास्त पाळतात, रानाला आगी लावतात, कुंपणासाठी झाडं तोडतात, डोंगर बोडका करतात, नद्या आटवतात. वसाहतीच्या काळातल्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा सूर लावला आणि स्वातंत्र्यानंतरही तो बदलला नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकी एकता संघटनेच्या आश्रयाखाली या डोंगराच्या एकात्मिक विकासाचा प्रादेशिक कार्यक्रम सुरू झाला. हेतू चांगला होता: खालच्या देशांच्या नद्या वाचवायच्या. पण कार्यक्रमाचा आराखडा खालच्या देशांच्या गरजेतून निघाला होता, वरच्या गावांना त्यात काम होतं ते झाडं लावण्याचं आणि आग न लावण्याचं. आरोपात तथ्य नाही असं नाही. पडीक ठेवण्याची वर्षं कमी झाली आहेत, उतारांवरची माती वाहते आहे, कुंपणाला लाकूड लागतं हे खरं आहे. पण बोवलचं कवच गुरांच्या खुरांनी बनलेलं नाही. ते भूगर्भीय काळातलं आहे. आणि ज्या लोकांनी निकृष्ट जमिनीतून काळी माती घडवली त्यांना माती राखायचं तंत्र बाहेरून येऊन शिकवायला लागणं, हा उलटा व्यवहार आहे.

आता कारभाराकडे येतो. इथे एक मोह टाळायला हवा. पूर्वी सगळं चांगलं होतं आणि परक्यांनी बिघडवलं, अशी गोष्ट सांगणं सोपं आहे. फुता जालोनच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे.

१७२५ च्या सुमारास इथल्या मुस्लिम फुलबेंनी आणि त्यांच्या मांदिंगो सोबत्यांनी आधीच्या जालोंके वगैरे लोकांवर धर्मयुद्ध पुकारलं आणि एक इमामशाही उभी केली. जालोंके हे नाव आजही प्रदेशाच्या नावात आहे, सत्ता मात्र त्यांच्याकडे राहिली नाही. नवं राज्य नऊ प्रांतांचं होतं. राजधानी तिंबो; राज्याभिषेक फुगुंबा या धर्मपीठात, तिथल्या ज्येष्ठांच्या हस्ते; प्रांतांत लाबे सर्वांत मोठा आणि जवळजवळ स्वतंत्र. तिंबोच्या गादीवर पहिले इमाम कारामोको अल्फा यांचा वंश आणि सेनानी इब्राहिमा सोरी यांचा वंश असे दोन दावेदार झाले. तोडगा असा निघाला की दोन्ही घराण्यांनी दोन-दोन वर्षं आलटून पालटून राज्य करायचं. एक अल्मामी, म्हणजे गादीवरचा इमाम, तिंबोत, दुसरा आपल्या गावी वाट पाहत. व्यवहारात हे अनेकदा रक्तपाताने मोडलं, पण एका माणसाच्या हाती सत्ता साचू नये ही कल्पना या डोंगरात अठराव्या शतकापासून रुजलेली होती. खाली गावपातळीवर मशिदीभोवतीची वस्ती, मिसीदे, हे कारभाराचं मूळ एकक होतं. धर्मशास्त्र आणि कविता अरबी लिपीतल्या पुलार भाषेत लिहिल्या जात होत्या, म्हणजे साध्या कुटुंबातल्या माणसालाही आपल्या भाषेत वाचता येत होतं.

पण हे राज्य गुलामांच्या श्रमावर उभं होतं. लढायांत पकडलेल्या माणसांना रुंदे नावाच्या वेगळ्या वस्त्यांत ठेवलं जाई, मालकांची शेतं ते कसत, आणि त्यांतले कितीतरी किनाऱ्यावर युरोपीय व्यापाऱ्यांना विकले जात. याच राज्यातला एक राजपुत्र, अब्दुल रहमान, इब्राहिमा सोरी यांचा मुलगा, १७८८ मध्ये लढाईत पकडला गेला आणि अमेरिकेत मिसिसिपीच्या नाचेझ गावी विकला गेला. चाळीस वर्षं त्याने तिथे गुलामी केली. १८२८ मध्ये सुटला, परत निघाला, आणि पुढच्या वर्षी लायबेरियाच्या किनाऱ्यावर, फुता जालोन न पाहताच वारला. त्याच्या कहाणीने डोळे ओले होतात. पण त्याच्या वडिलांच्या राज्यातून किनाऱ्याकडे हाकलत नेलेल्या हजारो माणसांची नावंही कोणाला ठाऊक नाहीत. एकोणिसाव्या शतकात तिंबोच्या अमीर-उमरावांविरुद्ध हुब्बू नावाचं बंड पेटलं. त्यात गरीब फुलबे होते आणि पळालेले गुलामही. जुन्या राज्यावरची सर्वांत कडक टीका त्याच्याच मुलखातून आली होती.

हा इतिहास मी एवढ्यासाठी सांगतो की स्थानिक स्वराज्याची मागणी केली की पहिला आक्षेप इथूनच येतो: सत्ता गावाकडे दिली तर ती जुन्या घराण्यांकडेच जाईल. जो माणूस आजोबांच्या काळापर्यंत मालक होता तोच सरपंच होईल आणि रुंदेतल्या कुटुंबाला पुन्हा त्याच्या दारात उभं राहावं लागेल. हा आक्षेप खोटा नाही. गुलामीची कायदेशीर व्यवस्था संपून शतक उलटलं तरी कोणाचा पूर्वज कोण होता हे गावात सगळ्यांना माहीत असतं. लग्न ठरवताना, इमाम निवडताना, जमीन वाटताना ते आठवलं जातं.

पण वरून नेमलेल्या कारभाराने ही उतरंड मोडली का? इतिहास पाहा. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये पोरेदाकाच्या लढाईत शेवटचा स्वतंत्र अल्मामी बोकार बिरो हरला, लगेचच मारला गेला आणि फुता फ्रेंचांच्या ताब्यात गेलं. फ्रेंचांनी गुलामगिरी संपवण्याची भाषा केली आणि कारभारासाठी त्याच घराण्यांतले सोयीचे लोक प्रमुख म्हणून नेमले. नेमलेल्या प्रमुखाला जनतेची भीती नव्हती, अधिकाऱ्याची होती. कर गोळा करणं, वेठबिगारीला माणसं पुरवणं, सैन्यभरतीला तरुण हजर करणं हे त्याचं काम. यात सर्वांत जास्त भरडले गेले ते रुंदेतलेच. लाबेचा बलाढ्य सरदार अल्फा याया आधी फ्रेंचांचा मित्र होता. उपयोग संपल्यावर १९०५ मध्ये त्याला अटक करून दाहोमेला (आजचं बेनिन) हद्दपार केलं, १९१० मध्ये परत आला तर पुढच्या वर्षी पुन्हा पकडलं, आणि १९१२ मध्ये मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर तो कैदेत वारला. आज गिनीचं राष्ट्रगीत ज्या चालीवर गायलं जातं ती त्याच्या स्तुतिगीताची चाल आहे. राष्ट्राने त्याचं गाणं घेतलं. त्याच्या प्रांताला कारभारात वाटा देण्याचं मात्र कोणाला सुचलं नाही.

१९५७ च्या अखेरीस, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, सेकू तूरेंच्या सरकारने ही प्रमुखपदं रद्द केली. हा निर्णय मी मनापासून योग्य मानतो. रुंदेतल्या लोकांनी त्यांच्या पक्षाला साथ दिली ती यामुळेच. पण प्रमुखाच्या जागी निवडून आलेली स्वतंत्र पंचायत आली नाही. पक्षाची समिती आली, आणि तिच्यावर राजधानी कोनाक्रीतून नेमलेला माणूस. १९७६ मध्ये तूरेंनी ‘फुलबेंचा कट’ उघड झाल्याचं जाहीर केलं. दियालो तेली, आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले सरचिटणीस, पोरेदाकातच जन्मलेला हा मोठा माणूस, बोइरो छावणीच्या कोठडीत अन्नपाण्यावाचून ठेवला गेला आणि १९७७ मध्ये तिथेच मेला. एका संपूर्ण समाजाला संशयित ठरवण्याचं काम त्या वर्षी राज्यसंस्थेने केलं आणि त्याचे व्रण अजून भरलेले नाहीत. हजारो कुटुंबं सेनेगल, सिएरा लिओन, आयव्हरी कोस्टला निघून गेली. आजही फुतातल्या गावांत शाळा, मशीद, दवाखाना यांसाठी बाहेरगावी गेलेल्यांच्या मंडळांकडून पैसा येतो. सरकारची जागा प्रवासी मुलांनी भरून काढलेली आहे.

आजची रचना कागदावर नीटनेटकी आहे. देशात कोनाक्री धरून आठ प्रशासकीय प्रदेश आणि ३३ प्रिफेक्चर, म्हणजे जिल्हे. फुता जालोनचा गाभा दोन प्रदेशांत विभागलेला आहे: लाबे प्रदेशात लाबे, कुबिया, लेलुमा, माली आणि तुगे, मामू प्रदेशात मामू, दालाबा आणि पिता. प्रदेशावर गव्हर्नर, जिल्ह्यावर प्रिफे, त्याखाली सू-प्रिफे. हे सगळे नेमलेले. त्यांच्या शेजारी शहरी आणि ग्रामीण कम्यून, ज्यांच्या परिषदा निवडून यायच्या असतात. ‘असतात’ असं म्हणतो, कारण २००५ नंतरची स्थानिक निवडणूक झाली ती थेट २०१८ मध्ये. मुदत संपलेल्या परिषदा आणि नेमलेल्या समित्या मधली वर्षं कारभार पाहत राहिल्या. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, आणि २०२४ मध्ये कम्यूनच्या परिषदांच्या जागी पुन्हा नेमलेली मंडळं बसवली. २००५ नंतरच्या वीस वर्षांत गावातल्या माणसाने आपला कारभारी एकदाच निवडला. प्रिफेची बदली कोनाक्रीहून होते, त्याची बढती कोनाक्रीतून होते, आणि त्याचा कागद फ्रेंचमध्ये असतो. अरबी लिपीतून पुलार सफाईने वाचणारी म्हातारी माणसं त्या कागदापुढे अंगठेबहाद्दर ठरतात. १९८९ मध्ये दोन फुलबे भावांनी, शाळकरी वयातच, पुलारच्या उच्चारांसाठी आदलम ही नवी लिपी घडवली. ती आज जगभरच्या फोनवर चालते. जिल्हा कचेरीत मात्र ती अजून पोचलेली नाही.

दुसरा आक्षेप राजकीय आहे आणि तो अधिक नाजूक. फुलबे हा गिनीतला सर्वांत मोठा समाज मानला जातो. विरोधी पक्षाची ताकद फुतात एकवटलेली आहे. २०१० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फुलबे समाजातले उमेदवार सेलू दालेन दियालो यांना पहिल्या फेरीत ४३ टक्क्यांहून अधिक मतं पडली आणि दुसऱ्या फेरीत ते हरले. त्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात पूर्वेकडच्या शहरांतून फुलबे कुटुंबांना जीव मुठीत धरून पळावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, २८ सप्टेंबर २००९ ला, कोनाक्रीच्या स्टेडियममध्ये लष्कराने दीडशेहून अधिक निदर्शकांना ठार केलं, बायकांवर अत्याचार केले. अशा देशात एका समाजाच्या डोंगराला अधिकार दिले तर देश फुटेल, असं म्हणणारे लोक सरकारातच आहेत असं नाही. फुताबाहेरच्या भल्या माणसांनाही ती भीती वाटते.

मला ती भीती उलटी वाटते. आज गिनीत राष्ट्राध्यक्षपद म्हणजे सगळंच. प्रिफे तोच नेमणार, खाणीचा करार तोच करणार, धरणाची जागा तोच ठरवणार. मग प्रत्येक समाजाला वाटणारच की तो माणूस आपला असला तरच आपल्या गावाचा रस्ता होईल. एका खुर्चीत इतकं कोंबलं की तिच्यासाठी माणसं एकमेकांचे जीव घेतील. कम्यूनकडे पैसा आणि निर्णय गेला तर कोनाक्रीची निवडणूक जगण्या-मरण्याची उरणार नाही. आणि हे मी एकट्या फुतासाठी मागत नाही. जंगल-गिनीतल्या न्झेरेकोरेला, वरच्या गिनीतल्या कांकानला, किनाऱ्यावरच्या बोकेला हाच अधिकार हवा. बोकेच्या लोकांच्या अंगणात बॉक्साइटची लाल धूळ बसते, त्यांचं दुःख तुगेच्या माणसाला सहज कळेल.

तुगेचं नाव आलंच आहे, तर तिथली गोष्ट जवळून पाहू. तुगे जिल्ह्यातून बाफिंग वाहते. त्या खोऱ्यात चिंपांझींची फार मोठी वस्ती आहे. पश्चिम आफ्रिकेत चिंपांझी झपाट्याने कमी होत असताना ते इथे टिकले, याचं एक मोठं कारण असं की फुलबे मुसलमान माकडवर्गाचं मांस खात नाहीत. २०२१ मध्ये इथे मध्य-बाफिंग राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्याला पैसा आला तो बॉक्साइट कंपन्यांकडून. बोकेकडे खाणींनी चिंपांझींचं जे रान उजाड केलं त्याची भरपाई म्हणून. त्याआधी, २०१९ मध्ये, सेनेगल नदीच्या त्याच संस्थेने याच खोऱ्यात कुकुतांबा इथे २९४ मेगावॉटच्या धरणाचा करार एका चिनी कंपनीशी केला होता. ते धरण अजून झालेलं नाही, पण झालं तर उद्यानाचा भाग आणि गावं दोन्ही पाण्याखाली जातील. आणि तुगेच्या जमिनीखालीही बॉक्साइट आहे. एका खोऱ्याच्या तीन योजना, तिन्ही बाहेरून आलेल्या, एकमेकींना छेद देणाऱ्या. उद्यान म्हणतं शेत पसरवू नका, धरण म्हणतं गाव हलवा. ज्या माणसांच्या सोवळ्या-ओवळ्यामुळे चिंपांझी वाचले त्यांना या तिन्हींपैकी एकाही कागदावर सही करण्याचा अधिकार नाही.

गाव हलवणं म्हणजे काय हे कोंकुरे नदीवर दिसलं आहे. तिथे २०१५ मध्ये २४० मेगावॉटचं कालेता धरण झालं. त्याचं चित्र २०,००० फ्रँकच्या नोटेवर आहे. मग वरच्या अंगाला ४५० मेगावॉटचं सुआपिती बांधलं. सुआपितीसाठी फुताच्या पश्चिम पायथ्याशी असलेली शंभरावर गावं, सुमारे सोळा हजार माणसं उठली. ह्यूमन राइट्स वॉचने २०२० मध्ये जे नोंदवलं ते कोयना किंवा उजनीच्या विस्थापितांना सवयीचं वाटेल: घरं सिमेंटची मिळाली, पण शेतं गेली त्यांच्या बदल्यात तोडीची जमीन नाही, आणि जगायचं कशावर याचं उत्तर नाही. तापादची काळी माती ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. दोन-तीन पिढ्यांच्या बायकांचं ते काम भरपाईच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात मोजणार? वीज कोनाक्रीला हवी आहे, देशाला हवी आहे; मी धरणाच्या विरोधात नाही. पण ज्यांचं सगळं गेलं त्यांना त्या विजेच्या कमाईत कायमचा हिस्सा का नसावा?

यासाठी नवा शोध लावायची गरज नाही. गिनीच्या २०११ च्या खाण कायद्यात खाणींवरच्या करांचा १५ टक्के भाग स्थानिक संस्थांसाठी राखलेला आहे, आणि तो वाटण्यासाठी एक राष्ट्रीय यंत्रणाही आहे. दगडाच्या कमाईला जो न्याय लागू आहे तो पाण्याच्या कमाईलाही लागू करावा. सेनेगल नदीच्या संस्थेत गिनी आता बरोबरीने बसतो. तिथे त्याने पहिल्यांदा हे मागावं की खालच्या धरणांच्या उत्पन्नातला ठरावीक भाग वरच्या कम्यूनकडे थेट जावा, झरे आणि उतार राखण्यासाठी. खालच्या देशांनी ते खळखळ न करता द्यावं. झाडं लावा म्हणून उपदेश करणाऱ्या प्रकल्पांवर आजवर झालेल्या खर्चापेक्षा तो पैसा सत्कारणी लागेल.

लोकांच्या हाती दिलं तर जमेल का, या प्रश्नाचं उत्तर पिताजवळच्या तिंबी-मादिना पठारावर मिळतं. १९९२ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी फुता जालोन शेतकरी महासंघ काढला. बटाटा लावायचं ठरलं. अडचण होती युरोपातून येणाऱ्या स्वस्त बटाट्याची. संघाने सरकारकडे अनुदान मागितलं नाही. मागणी एकच, आमचा माल बाजारात येतो त्या महिन्यांपुरती आयात थांबवा. सरकारने ऐकलं. बियाणं, साठवण, कर्ज, भाव हे संघाने स्वतः सांभाळलं, आणि काही वर्षांत आयातबंदी उठली तरी फुताचा बटाटा कोनाक्रीच्या बाजारात टिकला, शेजारच्या देशांतही गेला. त्यात बायकांचे गट होते, कांद्याचे वेगळे गट होते. प्रिफेने यात काय केलं? रस्त्यातून बाजूला झाला, एवढंच. आणि तेवढंच पुरलं.

रुंदेच्या प्रश्नावर मात्र नुसती निवडणूक पुरणार नाही हे मान्य करायला हवं. म्हणून स्वराज्याच्या मागणीत दोन गोष्टी पहिल्यापासून असाव्यात. कम्यूनच्या परिषदेत प्रत्येक वस्तीला, रुंदेसकट, स्वतःची जागा; आणि तापादच्या जमिनीवर ती कसणाऱ्या बाईचं नाव. आज ती जमीन रूढीने नवऱ्याच्या घराण्याची. तिने घडवलेली माती तिच्या नावावर नाही, आणि म्हणूनच सुआपितीसारख्या ठिकाणी भरपाई दुसऱ्याच्या हाती पडते. परिषदेचे ठराव पुलारमध्ये लिहिले जावेत, अरबी लिपीत, आदलममध्ये किंवा लॅटिनमध्ये, गावाला जी वाचता येते तिच्यात. सेकू तूरेंच्या काळात, १९६८ ते १९८४, शाळांत देशी भाषा शिकवल्या गेल्या होत्या. त्या प्रयोगाचं बरंच फसलं, पण भाषा कचेरीत आणणं अशक्य नाही हे त्यातून दिसलं होतं.

आणि कुकुतांबाचा कागद पुन्हा बाहेर निघेल तेव्हा त्यावर चार देशांच्या मंत्र्यांआधी बाफिंगच्या काठावरच्या कम्यूनचा ठराव लागावा. निवडून आलेल्या परिषदेचा, भर सभेत वाचलेला, होकार किंवा नकार. नकार आला तर धरणाची उंची कमी करा, जागा बदला, नाहीतर सोडून द्या. होकार आला तर त्यात विजेचा वाटा किती, बदली जमीन कुठे आणि तिची माती कशी, हे आधी लिहिलेलं असावं. त्यासाठी आधी परिषदा हव्यात. लाबे, तुगे, पिता, दालाबातल्या लोकांना मतपेटी हवी, ठरलेल्या तारखेला, दर पाच वर्षांनी.